मागापासून डोळ्यापर्यंत तीन वीत

येवल्याला जायचं तर मिरजेहून आधी नाशिक गाठायचं, मग उलट्या दिशेला दिंडोरीला जायचं, तिथून विंचूर आणि मग येवलं. नकाशात असा रस्ता दिसत नाही, पण मी त्याच रस्त्याने गेलो. ज्यांना सरळ जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. त्यांना गाव दिसेल, पैठणी दिसेल आणि माणसं हसतमुखाने चहा देतील. मलाही पहिल्या दिवशी तेवढंच दिसलं होतं.

मी चष्मेवाला. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, त्यामुळे चष्मेवाल्यांनाही नाही. चौतीस वर्षं दुकान चालवून गेल्या वर्षी ते पुतण्याच्या हाती दिलं. पहिल्याच आठवड्यात त्याने माळ्यावरचे तयार चाळिशीचे चष्मे खाली काढले, जुन्या धर्तीच्या तपकिरी फ्रेमांचे, दोनशेच्या वर. हे आता कुणी घालत नाही, काका, असं तो म्हणाला. तसलाच एक मी त्या वेळी नाकावर घालून उभा होतो. ते त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असावं.

त्याच सुमारास मुक्ताच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नासाठी पैठणी घेतली. दुकानदाराने ही येवल्याला कशी विणतात ते मोबाईलवर दाखवलं. बायकांनी साडी बघितली, मी विणणारी बाई बघितली. धाग्यांपासून मान होईल तेवढी मागे घेऊन ती बसली होती. डोळे अर्धवट मिटून ती मोराची मान भरत होती. हिला चाळिशी लागलीय आणि हिला कुणी सांगितलेलं नाही, हे मला चित्र थांबायच्या आत कळलं. पुढे दोन महिने ती बाई काही डोक्यातून जाईना.

माझा बेत साधा होता. चष्म्यांची पेटी घ्यायची, येवल्याला जायचं, एखाद्या विणकर बाईला डोळे तपासायला शिकवायचं आणि पेटी तिच्याकडे ठेवून यायचं. गल्लीतल्या गल्लीत तिने चष्मे द्यावेत, चार पैसे मिळवावेत, संपले की मला कळवावं. मुक्ताला हे सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, याला सोशल एंटरप्राइज म्हणतात. मग तिने असे उद्योग करणाऱ्यांच्या नाशिकमधल्या एका मेळाव्यात माझं नाव नोंदवून टाकलं. ओळखी झाल्याशिवाय काही उभं राहत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

निघायच्या दिवशी सुमन, माझी बायको, स्वयंपाकघरात खाली बसून परातीत तांदूळ निवडत होती. मी दारात गेलो तशी तिने शेजारच्या डब्यावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बघितलं आणि आठ दिवसांच्या वर राहू नका म्हणून बजावलं. तो चष्मा मीच करून दिलेला. बारा वर्षांत तिचा नंबर तीनदा बदलला, पण तक्रार एकदाही आली नाही. धंद्यात याहून मोठी पावती नसते, असं मी पुतण्याला नेहमी सांगत आलो आहे.

नाशिक

मेळाव्यात गळ्यात नावाची पट्टी अडकवायची होती. प्रत्येकाने एका मिनिटात स्वतःची ओळख करून द्यायची, मग घंटी वाजायची, मग टेबल बदलायचं. मी सात टेबलं बदलली. सगळी मंडळी तरुण, हुशार आणि घाईत होती. एका मुलीने मला विचारलं की तुमच्या कामाने नेमका काय बदल होईल, आणि तो मोजणार कसा. मी म्हटलं, पन्नाशीच्या आत बहुधा दीड ते दोन नंबरचा. तिने ते लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एकतीस व्हिजिटिंग कार्डं जमली. त्यातल्या ज्यांनी येवल्यात काम असल्याचं सांगितलं होतं त्या सहाजणांना मी लॉजवरून फोन केले. सहाहीजण अतिशय गोड बोलले. नक्की भेटू, नक्की काहीतरी करू, नक्की कळवतो. कधी, ते कुणीच सांगितलं नाही. आमच्याकडे असं नाही. आमच्या बाजूचा माणूस जमत नसेल तर 'जमत नाही' म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याने मनाला लागतं, पण वेळ वाचतो. नाशिककडच्या माणसाला समोरच्याचं मन मोडवत नाही, असा एक निष्कर्ष मी काढला आणि झोपलो. निष्कर्ष बरोबर होता. तो पुढे कुठे लागू करायचा, एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.

सकाळी मिसळ खाल्ली. मिसळीबरोबर पापड देतात, दही देतात आणि पाव देतात. आमच्याकडे ब्रेड देतात आणि घाम येईपर्यंत कुणी विचारत नाही. इथे वाढणाऱ्याने तीनदा येऊन तिखट नाही ना झाली, अशी चौकशी केली. तिखट अजिबात नव्हती. छान आहे, म्हटलं मी.

हॉलवर विसरलेली छत्री आणायला गेलो तेव्हा तिथे बाळू भेटला. मेळाव्याच्या खुर्च्या टेम्पोत भरत होता. चाळिशीचा, अंगाने दणकट. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. ते बघून मला राहवेना. चष्म्याचा छोटा पेचकस मी कायम वरच्या खिशात ठेवतो, स्क्रू कागदाच्या पुडीत असतात. त्याला चष्मा मागितला आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत काडी बसवून दिली. त्याने चष्मा घातला, मान हलवून बघितली आणि विचारलं की काका, तुम्ही इथं कशापायी आलात. मी सगळं सांगितलं, एका मिनिटाहून जरा जास्त वेळात.

"येवल्यात आपलं कोणी नाय," बाळू म्हणाला. "पण दिंडोरीला अण्णा हायेत. त्यांचे साडू विंचूरला कांद्यात हायेत. साडूंचं येवल्यात लय चालतं."

मग मी सरळ विंचूरलाच जातो, असं मी म्हटलं. वाट वाकडी करायचं कारण मला दिसेना.

"तसं नाय चालत काका. सरळ गेलात तर चष्मेवाला म्हणून जाल. अण्णांकडून गेलात तर पाव्हणं म्हणून जाल."

एकतीस कार्डांच्या मालकांना जे सांगता आलं नाही ते बाळूने खुर्च्या भरता भरता सांगितलं. पेटी खुर्च्यांवर ठेवली, मी पुढे बसलो आणि आम्ही दिंडोरीला निघालो.

दिंडोरी

डिसेंबरातली थंडी होती. आमच्याकडे थंडीत स्वेटर घालतात, इथे स्वेटरवर मफलर, मफलरवर टोपी आणि तशा अवतारात फवारणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घड अजून हिरवे, बारीक मण्यांचे.

अण्णा बागेतच होते. साठीचे, सावकाश बोलणारे. मी चष्म्यांबद्दल बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं. आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग मुलगी कुठे दिली. तिसऱ्या प्रश्नाला धागा लागला. माझ्या व्याह्यांचे चुलतभाऊ तासगावचे, द्राक्षवाले, आणि अण्णा एकदा बेदाण्याच्या शेड बघायला तासगावला गेले होते ते त्यांच्याच ओसरीवर जेवले होते. अण्णांनी घराकडे वळून पाव्हणे आपले निघाले म्हणून सांगितलं. त्यानंतर चष्म्यांचा विषय जेवण होईपर्यंत निघाला नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, भरीत आणि शेंगदाण्याचा ठेचा. आम्ही ज्वारीची माणसं. बाजरी उष्ण पडते म्हणून आमच्याकडे संक्रांतीला एकदा खातात आणि वर्षभर तेवढ्यावर बोलतात. इथे तीन भाकरी झाल्यावर मी हात आडवा धरला, तर अण्णांच्या मंडळींनी हाताच्या बाजूने चौथी वाढली. मी ती खाल्ली. नको म्हणणं मला अजून जमत नव्हतं.

बागेत पेठ तालुक्याकडच्या बायकांची टोळी मणी विरळायला आली होती. घडातले दाट मणी कात्रीने कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. त्यांची मुकादम सखूबाई, पन्नाशीची. तिच्या कात्रीखाली चांगले मणी पडतात, अशी अण्णांची अडचण होती. मला आयताच हुरूप आला. तिला बांधावर बसवलं. अक्षरओळख नव्हती, म्हणून सुई-दोरा दिला. दोन नंबरचा चष्मा लावल्यावर तिने पहिल्या फटक्यात दोरा ओवला.

"बेस हाय," सखूबाई म्हणाली.

मग तिने चष्मा काढला, पदराच्या टोकात बांधला आणि मान वर करून पुन्हा घडांना लागली. घालत का नाही, विचारलं तर म्हणाली की औषध उडंल त्याच्यावर. वस्तूला जपणारी बाई आहे, असं मी वहीत लिहिलं. ती ओळ अजून वहीत आहे.

विंचूर

अण्णांचे साडू दत्तूशेठ. कांद्याच्या बाजारात त्यांचा गाळा. लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि लिलाव चालू होता. बाजारात पाय ठेवल्यापासून माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोळ्यांच्या कामासाठी आलेल्या माणसाने रडत रडत ओळख करून द्यावी, हे बरं दिसत नाही. दत्तूशेठ म्हणाले की चार दिवस राहा, सवय होते.

त्यांच्या गाळ्यात बसल्या बसल्या मी तिघांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळले, एकाची नाकावरची गादी बदलली. पिळता पिळता एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. माणूस आपला चष्मा काढून दुसऱ्याच्या हातात देतो तेव्हा तो काही काळ आंधळा असतो आणि समोरच्यावर भरवसा ठेवतो. ओळख करून घ्यायला याहून चांगली घंटी नाही. हे मी मुक्ताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, हे पुढच्या मेळाव्यात बोला.

दत्तूशेठनी माझ्यासमोर येवल्याला फोन लावला. शोभाताई त्यांची मानलेली बहीण, पैठणी विणणारी. फोनवर ते म्हणाले, "आपले खास पाव्हणे येतायत, लांबून. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेव. नाराज करू नका त्यांना."

मला बरं वाटलं. पाहुणा म्हणून जाणं म्हणजे काय, ते बाळूला बरोबर कळत होतं, असं मनात आलं. त्या एका वाक्याने माझे पुढचे तीन दिवस वाया जाणार होते.

येवला

शोभाताईंची गल्ली ऐकत ऐकतच सापडते. प्रत्येक घरातून मागाची फणी ठोकल्याचा आवाज येत असतो. घरात शिरलं की पहिली खोली मागाची. माणसं उरलेल्या जागेत राहतात. शोभाताई सेहेचाळीस वर्षांच्या, बारीक चणीच्या. त्यांच्या मागावर पदर चढलेला होता, त्यात जोडमोर. एक मोर पुरा झालेला आणि दुसऱ्याची चोच यायची होती. आणि त्यांच्या शेजारी पाटावर पूनम बसलेली.

पूनम त्यांची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. ती सकाळपासून दुपारपर्यंत आईच्या बाजूला बसून धागे मोजून सांगत होती. चार सोड, दोन घे, आता हिरवी कांडी. आईचं बोट धाग्यावर आणि नजर लेकीची. मागच्या साडीत मोराची मान दोन घरं चुकली आणि रेशीम देणाऱ्या व्यापाऱ्याने अजून एकदा असं झालं तर माग उचलायला लावीन, असं सांगितलं होतं. म्हणून पूनमचं कॉलेज दिवाळीपासून बंद. हजेरी भरली नाही तर परीक्षेचा अर्ज घेणार नाहीत, आणि अर्जाला आठवडा उरला होता. हे सगळं शोभाताईंनी चहा ओतता ओतता सांगितलं, पावसापाण्याचं सांगावं तसं. पूनम कपबशा बघत होती.

मोबाईलवर बघितलेली बाई ही नव्हती. पण मला तीच सापडल्यासारखं झालं. हिचे डोळे जागेवर आले की पोरगी सुटेल, हा हिशेब इतका सरळ होता की मी चहा अर्धा टाकून पेटी उघडली.

त्यांना दारापाशी उजेडात खुर्चीवर बसवलं आणि हातात पेपर दिला. चौतीस वर्षं मी हेच करत आलोय. दोन नंबरवर त्यांनी बारीक अक्षरातल्या जाहिराती घडाघडा वाचून दाखवल्या. हसल्या. पूनमनेही मान वर केली. ऐकून गल्लीतल्या बायका-माणसं आली. संध्याकाळपर्यंत मी तेवीस चष्मे दिले आणि अकरा कप चहा घेतला. दोघांना मोतीबिंदू वाटला, त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चक्कर मारली. ज्या घरात डोकावावं तिथे मागावर माणूस आणि माणसाच्या नाकावर माझा तपकिरी चष्मा. कसं दिसतंय विचारलं की सगळीकडून एकच उत्तर, लय भारी. मी फोटो काढून मुक्ताला पाठवले, तिने ते सगळ्या जगाला दाखवले. मेळाव्यातल्या एकतीसपैकी नऊजणांनी अंगठे पाठवले. त्या बदल मोजणाऱ्या मुलीने तर तेवीस घरांत बदल झाला, असंही लिहिलं. दुपारी एका घरात पुरणाचे मांडे झाले, पाहुण्यांसाठी. मांडा खापरावर हातभर पसरतो आणि खाणाऱ्याला आपण किती खाल्लं ते कळत नाही. मी दोन दिवस तरंगत होतो.

एवढंच खटकलं की पूनम अजून घरीच होती. शोभाताई म्हणाल्या, जाईल उद्यापासून. पेटी ठेवून घ्याल का, विचारलं तर म्हणाल्या की बघू, नक्की सांगते. नक्की हा शब्द मी नाशिकमध्ये सहा वेळा ऐकला होता. तरी मला काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी घेऊन येवल्याहून निघालो. एसटी गावाबाहेर पडली आणि तिकिटाला खिशात हात घातला, तर पेचकस नाही. तो मागापाशी ठेवलेला आठवला. दुसरा बाजारात मिळाला असता, पण तो वडिलांचा होता. मी पुढच्या फाट्यावर उतरलो आणि जीपने परत आलो.

या वेळी मी येतोय हे कुणाला माहीत नव्हतं.

पहिल्या घरात मागावरच्या माणसाला चष्मा नव्हता. दुसऱ्या घरात नव्हता. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी मला बघितलं, कोनाड्यात हात घालून चष्मा घाईने चढवला आणि लय भारी म्हणाले, मी काही विचारायच्या आत. मागे कुठेतरी मोबाईल वाजला. मग पुढच्या घरांतून ज्या तत्परतेने चष्मे निघाले, ते बघता या गल्लीला ओळखीपाळखीचं जाळं कसं विणायचं हे शिकवायची काहीच गरज नव्हती. फक्त शोभाताईंनी फोन घेतला नाही. त्यांचे दोन्ही हात गुंतले होते.

त्यांचा चष्मा देवाच्या फोटोपुढे होता, हळदकुंकवाच्या डब्याशेजारी, पुसून ठेवलेला. पूनम पाटावर. चार सोड, दोन घे.

मी दारात उभा राहिलो. पूनमने बघितलं आणि मोजायची थांबली. शोभाताईंनी वळून बघितलं आणि त्यांचा हात सवयीने देवाकडे गेला.

मला राग आला. खोटं कशाला सांगायचं. तेवीस चष्मे, मांडे, फोटो, नऊ अंगठे, सगळ्याचा एकदम आला. मी म्हटलं, ताई, राहू द्या. दिसत नाही ना?

त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "पेपर दिसतो हो काका, लय छान दिसतो. पण मला पेपर नाय विणायचा."

हे आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण पूनम उठून उभी राहिली.

"पाव्हण्याला कसं सांगायचं? तुम्ही एवढ्या लांबून आले. दत्तूभाऊंचा फोन होता." मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही विचारलंच नाय. कसं दिसतंय विचारलं. काय बघायचंय, ते कुठं विचारलं?"

त्यांनी मला मागावर बसवलं. फळी अरुंद, पाय खाली खड्ड्यात, पाठ वाकवायची नाही कारण दिवस काढायचा असतो. विणकाम चालतं ती जागा समोर, पार हाताच्या टप्प्यावर. मी वितीने मोजलं. डोळ्यापासून पेपरपर्यंत माझी दीड वीत असते. डोळ्यापासून मोरापर्यंत तीन भरली. माझ्या चष्म्यातून मोर म्हणजे हिरवा ढग होता. शेंबड्या पोराला कळावी अशी गोष्ट. एवढ्या अंतराला निम्मा नंबर लागतो, हे मी कुठल्याही शिकाऊ माणसाला दरडावून सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी गिऱ्हाईकाच्या जागेवर बसावं लागतं, आणि मी चौतीस वर्षं काउंटरच्या आत बसलो होतो.

पेटीच्या तळाशी एक नंबरच्या आसपासचे चष्मे होते. मिरजेत ते कधी खपले नाहीत, आमच्याकडची माणसं चाळिशी मान्य करायलाच सात-आठ वर्षं लावतात. शोभाताई मागावर बसल्या, मी खड्ड्याशेजारी उकिडवा. पाऊण लावला, एक लावला, सव्वा लावला. परत एक लावला.

शोभाताईंनी लाल रेशमाची कांडी उचलली, चार धागे सोडले, दोन घेतले. पुन्हा चार सोडले. पूनम सवयीने सांगायला वाकली आणि तोंड उघडून तशीच राहिली. चोच आली. मग डोळ्याची जागा आली, तीन धाग्यांची. तीही आली. पूनम थोडा वेळ पाटाशेजारी हात लोंबकळत ठेवून उभी होती. करायला काही नाही, अशी तिची स्थिती बऱ्याच दिवसांत झाली नसावी. मग तिने खुंटीवरची दप्तराची पिशवी काढली, झटकली आणि आईला न विचारता पायात चपला घातल्या. माझे डोळे भरून आले आणि या वेळी जवळपास कांदा नव्हता.

ती गेल्यावर शोभाताईंनी मागापाशीच पडलेला पेचकस मला दिला आणि मागावरूनच सांगितलं की पेटी इथं ठेवा. मात्र त्यांच्या अटी होत्या. खुर्ची नाही, पेपर नाही. ज्याचा डोळा तपासायचा त्याच्या कामाच्या जागी जायचं. आधी विचारायचं, बघायचं काय. आणि मी पुन्हा येणार असेन तर पाहुणा म्हणून यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घरोघर फिरलो. त्या माझ्यापुढे उभ्या राहून म्हणायच्या, "खरं सांगा, हा आपलाच माणूस हाय." चष्मे कोनाड्यांतून, ट्रंकांतून आणि एका घरी पिठाच्या डब्यातून निघाले. तेवीसातले एकोणीस बदलावे लागले. जे चौघं खुश होते ते विणत नव्हते, पेपर वाचत होते. या फेरीत चहा दोनच ठिकाणी मिळाला आणि कोबीच्या वड्यांत मीठ जास्त आहे, हे मी न घाबरता सांगितलं.

विंचूरवरून जाताना दत्तूशेठच्या गाळ्यावरून अण्णांना फोन लावला. सखूबाईंना विचारा, खरं सांगायला सांगा, म्हटलं. थोड्या वेळाने अण्णांचा फोन आला. चष्मा पदरातच होता. सुईत दोरा ओवता येतो, पण घड वर हात करून धरावा लागतो, तिथे सगळं पुसट होतं, असं ती म्हणाली होती. शोभाताई पुढच्या आठवड्यात अण्णांकडे जाऊन बागेत उभ्या राहणार आहेत. साडूच्या नात्याने त्यांना तिथे कुणी चष्मेवाली म्हणणार नाही.

मिरज

अकराव्या दिवशी दुपारी घरी पोचलो. दार उघडं होतं. मी चपला बाहेर काढल्या आणि कोण जाणे का, आवाज न करता आत गेलो.

सुमन स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. परात समोर जमिनीवर. चष्मा डब्यावर. डोळे बारीक करून, मान मागे घेऊन, बोटांनी चाचपत ती खडे शोधत होती.

माझी चाहूल लागली तशी तिने चष्मा उचलून घातला आणि वर बघितलं. आलात, म्हणाली.

आमच्या बाजूची माणसं तोंडावर बोलतात, असं मी नाशिकमध्ये बऱ्याच जणांना सांगून आलो होतो. मी तिच्यासमोर पिशवीसकट खाली बसलो. म्हटलं, याने तांदूळ दिसत नाहीत ना?

"नाही."

मग घालतेस कशाला?

"तुम्ही समोर आलात की घालायची सवय लागलीय. एवढा जीव ओतून करून दिलेला, तुम्हाला वाईट वाटेल." तिने पुन्हा परातीकडे बघितलं. "घातला की तुम्हीपण धड दिसत नाही. पण तुम्हाला काय बघायचं रोज रोज."

बारा वर्षं. मी तिच्यासमोरची परात होती तिथेच राहू दिली, वडिलांचा पेचकस खिशात आहे ना, ते चाचपलं आणि तिच्या डोळ्यापासून तांदळापर्यंत वीत टाकायला सुरुवात केली. ती हलू लागली तसं तिला म्हटलं, बस तशीच, निवडत राहा. तिसरी वीत परातीच्या काठाला टेकली.